स्टार्च मी घातलं नव्हतं

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की आपल्या भांडणाला साक्षीदारसुद्धा उरलेला नाही. तरी मला एक विचारायचं आहे, आणि गोडीगुलाबीने नाही. तुम्हाला कळलं होतं ना? कधी कळलं, कसं कळलं ते मला ठाऊक नाही, पण कळलं होतं असा माझा दाट संशय आहे. संशय घ्यायची विद्याही मी तुमच्याकडूनच शिकले. तुमचं नाव निघालं की बाकीचे विद्यार्थी हात जोडतात. मी जोडत नाही, मी अजून पुरावे गोळा करते आहे.

ऐंशीच्या दशकातलं भिवंडीतलं आपलं कॉलेज. एफ.वाय.चा वर्ग, आणि खिडक्या लावून घेतल्या तरी शेजारच्या लूमची, यंत्रमागांची, खटखट आत यायचीच. तासाचा शेवटचा थोडा वेळ तुम्ही प्रश्नांसाठी राखून ठेवायचात. कुणी विचारलं, "सर, मिठाच्या पाण्यातून वीज जाते, मग साखरेच्या का नाही?" की तुम्ही खडू त्याच्याच हातात द्यायचात. "तुला काय वाटतं ते आधी सांग." उत्तर चुकलं तर तुम्ही खूश, ती चूक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तिची सावकाश चिरफाड करायचात. उत्तर बरोबर आलं की मात्र तुमचे डोळे बारीक व्हायचे. "कोणी सांगितलं?" गाईडने, क्लासवाल्याने, मोठ्या भावाने, कुणीतरी सांगितलंच असणार, अशी तुमची खात्री. मुलं कँटीनमध्ये तुमची नक्कल करायची. "चहा गार आहे." "कोणी सांगितलं?" सगळ्यांत जास्त प्रश्न मी विचारायचे. उत्तराचा विचार घरूनच करून यायचे, आणि तुम्ही डोळे बारीक केलेत की म्हणायचे, "कोणीच नाही, सर." एकदा त्यावर तुम्ही हसलात. ते हसू मला बरेच दिवस पुरलं.

मग ती मार्चमधली प्रॅक्टिकलची परीक्षा. भिवंडीजवळच्या कोन गावात आमच्या घरामागच्या शेडमध्ये बाबांचे लूम होते. लॅबमधली फडकी धुऊन धुऊन विरलेली, लक्तरंच ती, म्हणून मी लूमवरून नुकत्याच उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा फाडून नेला. परीक्षेला काच लखलखीत हवी, एवढीच हौस. फ्लास्क आतून-बाहेरून पुसला. त्यात कॉपर सल्फेटचं द्रावण घेतलं, पोटॅशियम आयोडाइड टाकलं. आता आयोडीन सुटून रंग तपकिरी व्हायला हवा. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत सोडत तो फिका पिवळा करायचा, आणि अगदी शेवटाकडे स्टार्च घालायचं, की निळा होतो. माझा फ्लास्क सुरुवातीलाच काळानिळा. मी बघतच राहते. मागून तुमच्या चपलांचा आवाज येतो.

"स्टार्च आधीच घातलंस?"

"नाही, सर."

"मग काय आपोआप झालं?"

"मला कळत नाही, सर. पण मी घातलं नाही."

"मला चूक चालते," तुम्ही म्हणता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "खोटं चालत नाही."

मी मुळातच तोंडाळ. म्हटलं, "सर, तुम्हीच करून बघा." तुम्ही कपाटातून नवा फ्लास्क काढलात, माझ्याच बाटल्यांतली द्रावणं घेतलीत, आणि सुंदर तपकिरी रंग आला. तो फ्लास्क तुम्ही उंच धरलात. कुणी हसलं नाही, हसले असते तर परवडलं असतं. तुम्ही माझं रीडिंग घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, पुढच्या टेबलाकडे गेलात.

मी स्टार्च घातलं नाही, मग कुणीतरी घातलं. शेजारी माझी मैत्रीण होती, स्टार्चचा ड्रॉपर तिच्या हातात होता. मी तिलाच दोषी धरलं. तोंडाने काही बोलले नाही, नुसतं तिच्याशी बोलायचं थांबले. ती दोनदा घरी येऊन गेली, मी आईकडून निरोप धाडला की डोकं दुखतंय. तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, मी तिच्यावर घेतला. आणि लेखी परीक्षेआधी उरलेल्या तासांना प्रश्न विचारणं मी सोडून दिलं. तासाच्या शेवटी तुम्ही खडू हातात घेऊन थांबायचात, आमच्या बाकाकडे बघत म्हणायचात, "आज प्रश्न नाहीत?" तुम्ही खरंच विचारत होतात की जखमेवर मीठ चोळत होतात, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मे महिन्यात बाबांच्या बोटाला लूमवर धावणाऱ्या धोट्याचा मार बसला. बोट चांगलंच फाटलं. मी शेडमध्ये धावले, हाताला लागलं ते कोरं कापड फाडून बोटाला गुंडाळलं, वरून टिंक्चर आयोडीन ओतलं. बाबा आधी ओरडले, मग बोटाकडे बघून घाबरले.

"आगो, यो कापर निला कसा झाला? इख तं न्हाय ना ओतलंस?"

विष नव्हतं ते, पण कापड काळंनिळं झालं होतं. माझ्या फ्लास्कइतकंच. लूमवर चढवण्याआधी ताण्याचं, म्हणजे उभं, सूत तुटू नये म्हणून साइझिंगमध्ये त्याला खळ देतात, हे कोनमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खळ म्हणजे स्टार्च. कोऱ्या कापडात ती ठासून भरलेली असते, आणि मी त्याच कापडाने फ्लास्क आतून घासून घासून पुसला होता. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. बाबांना वाटलं, रक्त बघून पोरीला भोवळ आली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे इतके दिवस तुला वाटत होतं, मी घातलं?"

"हो."

"बावळट आहेस नुसती." मग म्हणाली, "कॉलेज उघडलं की सरांना सांग."

सांगायचंच होतं. वाक्यं जुळवून ठेवली होती, पिशवीत कापडाचा तुकडाही घेतला होता. जूनमध्ये पहिल्याच प्रॅक्टिकलला तुम्ही आत आलात आणि हजेरीच्याही आधी म्हणालात, "यापुढे काच पुसायची नाही. विसळायची, उपडी ठेवायची, वाळू द्यायची. लूमचं कापड तर लॅबमध्ये आणायचंच नाही." मागून एका मुलाने विचारलं, "का, सर?" आणि तुम्ही, जन्मात कुणाला सरळ उत्तर न देणारे तुम्ही, ताबडतोब म्हणालात, "तंतू चिकटतात."

सर, इथेच तुम्ही सापडलात. खडू कुठे होता? "तुला काय वाटतं" कुठे होतं? वर्गाला प्रश्न टाकला असता तर माझा हात वर गेला असता, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. त्या अख्ख्या तासात तुम्ही आमच्या टेबलाकडे फिरकला नाहीत. की मीच सुतावरून स्वर्ग गाठते आहे? तंतू खरोखरच चिकटतात. तेवढंच साधं कारण असेलही. मी तुकडा पिशवीतून काढला नाही. मैत्रीण कोपराने ढोसत राहिली, पण मला वाटलं, चूक तुमची, तर तोंड तुम्ही उघडायचं. शिवाय मी काही सांगितलं असतं आणि तुमचे डोळे बारीक झाले असते, तर ते मला सोसलं नसतं. पदवी मिळेपर्यंत मी वाट पाहिली. निरोप समारंभात तुम्ही सगळ्यांना "शहाणे व्हा" म्हणालात, मलाही तेच.

मग नव्वदच्या दशकातली एक दुपार. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. भिवंडीत धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसले तर शेजारी तुम्ही, निवृत्त झालेले, मांडीवर भाजीची पिशवी. तुम्ही मला लगेच ओळखलंत. काय करतेस विचारलंत, मी सांगितलं. "मुलं प्रश्न विचारतात?" म्हणालात. "विचारतात, सर." ट्रकमागून ट्रक चालले होते, तुम्हाला ओरडूनच बोलावं लागत होतं. मध्येच तुम्ही पिशवी सावरलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझ्या त्या फ्लास्कचं मी नंतर..."

मी पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, इधरच रोको."

"अगं, कोन अजून लांब आहे," तुम्ही म्हणालात.

"इथे काम आहे, सर." पैसे देऊन मी उतरले. पेट्रोल पंप होता. मला तिथे काडीचंही काम नव्हतं.

त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात. मी लोकांना सांगते, सरांनी कधी कबूल केलं नाही. ते खरं नाही. तुम्ही बोलायला लागला होतात, मी उतरले. कदाचित तुम्ही म्हणणार होतात की पुन्हा करून बघितलं आणि रंग तपकिरीच आला. त्याची भीती होतीच. पण "तू खरं बोलत होतीस" असं म्हणाला असतात, तर त्याची भीती जास्त होती. तुमच्यावर रागावूनच मी वर्गात उभी राहायला शिकले होते, रागावूनच प्रत्येक पोराचं "नाही, मॅडम" आधी खरं धरायचे. राग गेला असता तर तुमच्यावरचा नुसता जीव उरला असता, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही मला फार आवडायचात, सर. त्या दुपारी पंपापासून कोनपर्यंत मी उन्हात चालत गेले, आणि रस्ताभर तुमचं ते अर्धं वाक्य मीच पुरं करत होते, दर वेळी वेगळं.