यादीतला अठरावा विषय

हेझल क्रॉसिंग, नेब्रास्का
४ सप्टेंबर १९८६

ती. बाबांस हार्लनचा शि. सा. न. वि. वि.

परवाची सभा वीस मिनिटांत आटोपली! पूर्वी कुत्र्यांचे परवाने आणि पोहण्याच्या तलावाचा रंग यावर पाच नगरसेवक तासन्‌तास भांडायचे. आता मी नेहमीचे सगळे विषय एका यादीत घालतो. यादी वाचायची नाही, एकदाच हात वर. हरकत फक्त नगरसेवकांनी घ्यायची, पालिकेच्या नोकरांनी, म्हणजे मीसुद्धा, मधे बोलायचं नाही. हा नियमही माझाच. मी तुमच्यासारखा निवडून आलेला नगराध्यक्ष नाही, नेमलेला व्यवस्थापक आहे. मतांची भीती नाही, म्हणून असलं नवं काही करता येतं.

यंदा इथे घर घेतोय. नाताळला तुम्ही यायचंच.

आशीर्वाद असाच राहू द्या.
हार्लन

मिलर्स फोर्ड, कॅन्सस
१५ सप्टेंबर

चि. हार्लनला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोळा वर्षं मी नगराध्यक्ष होतो. मला काढायला अख्खं गाव लागलं. तुला काढायला तीन हात पुरतात, आणि तू त्यांना न वाचता हात वर करायची सवय लावतोयस. शहाणाच आहेस!

तुमच्या सभेच्या अध्यक्षीणबाई वर्ना क्लाइन यांचा फोन आला होता. जुन्या माणसाचा सल्ला हवा होता म्हणे. बाई हुशार आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा

हेझल क्रॉसिंग
९ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

काल मला काढलं. मी सतरा विषयांची यादी केली होती, सभेत अठरा निघाले. कारकूनबाईंनी काही वाढवलं असेल म्हणून मी गप्प बसलो. पाचही हात वर गेले. मग कळलं, अठरावा विषय मीच. बोलायला उठलो, तर वर्नाबाईंनी माझाच नियम दाखवला. दोन नगरसेवकांनी तर बाहेर आल्यावर विचारलं, पुढची यादी कधी देतोस? त्यांनी कशाला हात वर केला तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

फार लाज वाटते, बाबा. त्या बाईला हे सुचलं तरी कसं?

तुमचा,
हार्लन

मिलर्स फोर्ड
१४ ऑक्टोबर

चि. हार्लनला आशीर्वाद.

मी सुचवलं. बाईंना तू नकोच होतास, पण उघड चर्चा झाली तर गाव तुझ्या बाजूने उभं राहील, अशी धास्ती होती. राहिलंच असतं. म्हणून म्हटलं, त्याच्याच यादीत घाला. तुझं ते यादीचं पत्र फोनवर वाचून दाखवलं.

माझी नजर दिवसेंदिवस अधू होतेय आणि तू तिकडे घर घेणार होतास. मागची खोली झाडून ठेवली आहे. नाताळची वाट पाहू नकोस, रविवारीच ये.

लोभ आहे, म्हणूनच केलं.
बाबा