जात्याचे दगड परत आल्यावाचून ट्रॅक्टर हलवू नये

मी, भिमाजी राघो वेखंडे, निवृत्त शिक्षक, राहणार आटगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था सांगत आहे. गेल्या दिवाळीपासून माझे उजवे अंग लुळे आहे, वाचा मात्र शाबूत आहे. म्हणून मी सांगतो आणि शाळेतील माझे सहकारी बुधाजी पडवळ लिहितात.

राहते घर व भांडीकुंडी पत्नी सकुबाई हिला. पुस्तके शाळेला. माझी छत्री शेजारचे नथू यांच्याकडेच आहे. ती त्यांनाच राहू द्यावी, म्हणजे मागण्याचा माझा त्रास संपेल.

लष्कराच्या लिलावात घेतलेला ट्रॅक्टर, नांगरासह, कन्या चंद्रकला हिला. यास एक अट आहे, आणि ती नीट समजावून सांगणे अवश्य आहे.

कावडीच्या मागच्या टोकाला भरलेला हंडा आणि पुढच्या टोकाला रिकामा बांधला, तर पुढचे टोक वर उठते. ट्रॅक्टरचे तसेच आहे. चढावर नांगर एखाद्या मुळात अडकला की मागची चाके जमीन धरतात, पुढची उचलली जातात, आणि वेळीच आवरले नाही तर सबंध यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते. गेल्या वर्षी वरच्या माळावर पुढची चाके हातभर उचलली गेली. चालवणारा माझा भाचा कमळू खाली उडी टाकून हसत होता, "मामा, घोडा झाला घोडा!" मला हसू आले नाही.

उपाय सोपा आणि फार सुंदर आहे: पुढे वजन टांगावे. वजन ओतायला सिमेंट परवान्याशिवाय मिळेना. मात्र शहापूरला पिठाची गिरणी झाल्यापासून आळीतली जाती पडून होती, आणि जात्याच्या वरच्या दगडाला मधोमध भोक असतेच! त्या भोकांतून पहार ओवली, दगडांमध्ये गोणपाटाच्या घड्या घातल्या म्हणजे ते आपटत नाहीत, आणि पहारेची दोन्ही टोके लोखंडी पट्ट्यांनी ट्रॅक्टरच्या नाकाला आवळली. त्यानंतर चाके उठली नाहीत.

परंतु दगड देताना आळीतल्या पारूबाईने बजावले होते, "मास्तर, वापराय दिलाय, टाकाय नाय. आळीत लगीन निघालं का जातं परत मांडवात." हळद जात्यावरच दळायची आणि भावकीतल्या प्रत्येक घरचे जाते मांडवात पुजायचे, ही इथली रीत, मी ती आनंदाने मान्य केली. लग्ने वैशाखात निघतात आणि माळाची नांगरटही वैशाखातच, एवढे मात्र ध्यानात घेतले नाही.

आज पारूबाईच्या लेकीची, राहीची, हळद आहे. सगळे दगड मांडवात आहेत. पहार रिकामी आहे.

आज ट्रॅक्टर नेऊ नकोस, असे मी कमळूस सकाळीच सांगितले.

"मामा, एक दिस तर हाय. ट्रॅक्टरला काय कळतंय, कुणाची हळद हाय ती?"

त्याचे म्हणणे खरे आहे. ट्रॅक्टरला कळत नाही. म्हणूनच तो सवलत देणार नाही.

तर अट अशी. ट्रॅक्टर सुरू करण्याचे हँडल चंद्रकलेच्या ताब्यात राहील. दगड पहारेत आहेत हे स्वतः हाताने चाचपल्यावाचून तिने ते कोणासही देऊ नये, मग मांडव कोणाचाही असो. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच अमलात येते, हा या दस्तऐवजाचा मोठा दोष आहे. तूर्त हँडल माझ्या खाटेसमोरच्या खुंटीला आहे. मला ते दिसते. हात पोचत नाही.

कमळूस मी काही ठेवलेले नाही. राग नाही. ज्यास काही मिळते त्याने साक्ष घालू नये, आणि ही अट त्याने साक्षीदार म्हणून कानांनी ऐकावी, एवढाच हेतू. तो आला. दाराला टेकून त्याने सर्व ऐकले आणि म्हणाला, "मामा, तुमाला मराया अजून लय येळ हाय." बुधाजी स्वच्छ प्रत करायला बसले, तेवढ्यात त्याने खुंटीवरून हँडल काढले. मी हाका मारल्या. बुधाजी अंगणात धावले. ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला होता. मांडवात बायकांची गाणी चालू आहेत, त्यामुळे इंजिन चालू आहे की बंद, हे इथून कळत नाही.

वरील मजकूर वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

स्थळ: आटगाव. दिनांक: १५ मे १९४८.

साक्षीदार पहिले: बुधाजी पडवळ, शिक्षक (सही).

साक्षीदार दुसरे: कमळू जैतू शेलार (सही बाकी, वरच्या माळावर गेले आहेत).

करून देणार: भिमाजी राघो वेखंडे. डाव्या हाताचा अंगठा दोन्ही साक्षीदारांच्या देखतच उठवायचा, म्हणून तो राखून ठेवला आहे. शाईची डबी उघडीच ठेवली आहे.