सातव्या सावलीचे संवाद

६ सप्टेंबर, शुक्रवार

चुंबकराव मेला! तिसऱ्यांदा! आणि मी पुन्हा रडावं अशी लेखकाची अपेक्षा. रडले — पण दोनच चौकटी. सहा महिन्यांत हा गडी नव्या पोशाखात हजर होणार, लिहून ठेवते.

दादा दुपारी लॅबमध्ये पिशवी देऊन गेला, दारातूनच. "घाईत आहे," म्हणे. निवृत्त माणसाला कसली घाई! मी एका कवळीत दात बसवत होते, बोटं मेणाने माखलेली, तरी पिशवीत डोकावलेच. बुधवारी कॉमिक्सचे नवे अंक येतात. दादा चार घेतो, वाचतो, प्रत्येकात मताची चिठ्ठी ठेवतो, शेवटचं पान क्लिप लावून बंद करतो आणि शुक्रवारी मला देतो. मी क्लिप काढेपर्यंत शेवटाबद्दल दोघांनीही अवाक्षर काढायचं नाही. चाळीस वर्षं चाललंय. मध्ये लग्नं झाली, कडाक्याची भांडणं झाली, पिशवी चुकली नाही.

"पोलादी आजी" — माझी लाडकी! पूल उचलताना हूं की चूं नाही, खाली ठेवताना मात्र "अगं आई गं, कंबर!" चित्रकाराने तिच्या हातांवरच्या शिरा काय काढल्यात! दादाची चिठ्ठी : "आजी नेहमीप्रमाणे भारी." एवढंच? कंजूष!

"विजेरी" — रंग भडक, गोष्ट पातळ. खलनायक चार पानं भाषण ठोकतो आणि ही बया ऐकत उभी. अगं, हाण ना त्याला! दादा म्हणतो : "बरा."

चौथा उद्या. पुरवून खायचं असतं.

७ सप्टेंबर, शनिवार

"सातवी सावली". बावीस पानं आणि एकही शब्द नाही! संवादाचा फुगा नाही, "धडाम्" नाही, काही नाही. नुसती राखाडी चित्रं. सावली तिच्या जुन्या शत्रूच्या घरी जाते. तो म्हातारा झालाय, तिला ओळखतही नाही. ती त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवून देते आणि निघते. बस. दहापैकी दहा.

मग दादाची चिठ्ठी वाचली. "संवाद झकास! शेवटचं वाक्य तर काळजाला भिडलं."

कुठले संवाद? कुठलं वाक्य? पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवून पाहिली. काही नाही.

८ सप्टेंबर, रविवार

जुन्या चिठ्ठ्यांचा खोका काढला. मार्चपासून चित्रांबद्दल एक शब्द नाही. आणि हा माणूस आयुष्यभर कचेरीत नकाशे काढायचा! एखादी सावली चुकीच्या बाजूला पडली की तासभर माझं डोकं खायचा. अक्षरही मोठं होत गेलंय, ओळी खाली घसरल्यात. गेल्या महिन्यात क्लिप चक्क पहिल्या पानाला होती. मी फोनवर किती हसले. "म्हातारा झालास रे दादा!"

त्याला दिसत नाहीये.

माझीच मला लाज वाटते.

९ सप्टेंबर, सोमवार

वरच्या जबड्यातली दाढ खालच्यात बसवली. पहिल्यांदाच असं झालं.

१० सप्टेंबर, मंगळवार

गेले त्याच्याकडे. टेबलावर भलामोठा दिवा ओढून घेतलेला, बाजूला भिंग. बोलत होता माझ्याशी, पण बघत होता माझ्या कानाकडे.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. "दादा, या अंकात एकही शब्द नाहीये."

दादा हसला. "सापडलो की!"

डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. आहे तेवढं टिकलं तरी मिळवलं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. "मधोमध धुकं असतं बघ. चौकट दिसते, आतला माणूस गायब." दुकानदार त्याला गोष्टी सांगतो आणि त्यावरून हा मतं ठोकून देतो! "या वेळी शब्द नाहीत हे सांगायलाच विसरला लेकाचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पिशवी बंद केली असतीस. मग शुक्रवारी मी करायचं काय?"

मी भांडले. रडले. त्यानेच रुमाल दिला. मग "सातवी सावली" उघडली आणि पहिल्या चौकटीपासून सांगायला लागले. मला वाचता येत नव्हतं तेव्हा हा जिन्याखाली बसून मला फुगे वाचून दाखवायचा, खलनायकाचा आवाज काढून घाबरवायचा. आता मी त्याला खिडकी, खुर्ची, बटण सांगत होते.

"घाई करू नकोस. खिडकीच्या काचेत काय दिसतंय?"

मी पाहिलंच नव्हतं. काचेत तिचा चेहरा होता, मुखवट्याशिवाय. दहापैकी दहा देऊन बसले होते मी!

११ सप्टेंबर, बुधवार

नवे अंक! अर्धी रजा टाकून त्याच्याकडे गेले. चुंबकराव परतला — एका आठवड्यात!! दादा म्हणाला, "निर्लज्ज." मी पोलादी आजीचा आवाज काढला, तो म्हणाला आपल्या मावशीसारखा झाला. शेवटच्या पानाला क्लिप त्याने स्वतः चाचपून लावली, आणि चहा होईपर्यंत काढू दिली नाही. आज खूप बरं वाटतंय.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लॅबमधून येताना दुकानात शिरले. दुकानदाराला म्हटलं, "एवढी मोठी गोष्ट दादाला सांगायला विसरलात कसे?"

"विसरलो? ताई, दोनदा सांगितलं, या अंकात शब्दच नाहीत. ते म्हणाले, मग तर उत्तमच. इथेच काउंटरवर चिठ्ठी लिहिली. म्हणाले, मला काही सांगायला जमत नाही, आता बघू आमचं शेंडेफळ ओळखतं का."