मूर्खपणाचा डबा

१४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार, वि. वि.

वि. वि. म्हणजे काय ते मला विचारू नका. मी शाळेत दोनच वर्षं गेले, त्यातलं एक पत्राचा मायना शिकण्यात गेलं. म्हणून मायना पक्का, पुढचं तुम्ही समजून घ्या. इकडे सगळं ठीक. तिकडेही असेल. फोन करत नाही म्हणून राग नको. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की शेजारीण दार उघडून बघते, कुणाशी जुंपली म्हणून.

आधी नातीची खबर. तुम्ही तिला टिटवी म्हणायला लागलात ते नाव आता शाळेतही चिकटलं. आवाज तोच, उंची मात्र वाढली. सुट्टीत तुमच्याकडे येणारच आहे, बघालच.

तुमचा मुलगा आणि माझी लेक वेगळे झाले त्याला वर्ष होईल. मोठं घर सोडून आम्ही तिघी या दोन खोल्यांत आलो. तुम्ही पाहिल्या नाहीत म्हणून सांगते. एका खोलीत स्वयंपाक, दुसरीत बाकी सगळं आयुष्य. तो तीन माणसांचा सोफा काही केल्या दारातून आत येईना. सामान उचलणारा म्हणाला, "आजी, चौकट काढावी लागेल." म्हटलं, "संसार मोडलाय तेवढा पुरे, दार राहू दे." जिन्यातच विकला, खालच्या शिंप्याला. आता त्या सोफ्याचं कर्ज आम्ही फेडतोय आणि त्यावर लोळतंय शिंप्याचं मांजर.

मी कुणा एकाला नावं ठेवत नाही. भिंतीएवढा टीव्ही तुमच्या चिरंजिवांनी आणला, सोफा माझ्या लेकीने पसंत केला, फ्रिज दोघांनी हातात हात घालून. कर्जावर सह्या दोघांच्या, आणि तारण तुमचं घर. वेगळे होताना ठरलं, अर्धा हप्ता त्याने भरायचा, अर्धा हिने. एकजण जरी चुकला तरी कर्जाच्या ऑफिसची माणसं तुमच्या दारात येणार. घर तुमचं, मुलगा तुमचा, लक्ष तुम्ही ठेवा. मला त्यात पडायचं कारण नाही. मी पडतही नाही.

माझ्या लेकीची काळजी नको. चष्म्याच्या दुकानातला पगार, तोही आधी महिना अर्धा व्हायच्या आत संपायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. मग एक दिवस मी फळीवरचे डबे रिकामे केले. भाडं, हप्ता, शाळा, पोट. पगार झाला की आधी डबे भरायचे. उरलेल्या एका डब्यावर टिटवीकडून लिहून घेतलं, "मूर्खपणा". लेक म्हणाली, "आई, गळ्यापर्यंत कर्ज आणि मूर्खपणाला डबा?" म्हटलं, "त्याला त्याचा डबा नाही दिला की तो दुसऱ्यांच्या डब्यात शिरतो. तुझ्या संसारात तेच झालं." थोडेच पैसे असतात त्यात. कधी आइस्क्रीम, कधी केसांच्या पिना. एकदा शिट्टी वाजवणारी किटली आणली, ती शिट्टीच वाजवत नाही. पण डबा संपला की मूर्खपणा संपला, पुढच्या पगारापर्यंत सगळ्या शहाण्या.

तुम्ही म्हणे पुढची खोली भाड्याने दिलीत, आणि भाडेकरू दिवसभर पिपाणी फुंकतो. टिटवीने सांगितलं. या वयात पैशाची एवढी हाव कशाला, विहीणबाई? बाकी ऐकू येत नाही त्याचा फायदा हाही म्हणायचा.

माझ्या दातांचं विचारलंत. लेकीने कवळीचे पैसे कधीच हातात दिलेत. पण दातांचा डॉक्टर सुट्टीवर आहे. तोवर मऊ खाते. जीभ शाबूत आहे, अडत नाही. दुपारी शेजारणीचं बाळ सांभाळते. वेळ जातो, दुसरं काही नाही.

कळावे.

तुमची विहीण


२ ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. टिटवी वाचून म्हणाली, "मोठी आजी चिडली आहे का?" म्हटलं, नाही गं, तिचं अक्षरच तसं आहे.

"तुमची लेक हप्ता वेळेवर भरते ना, माझ्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे," असं लिहिलंत. भरते. चपलेला टाके घालून घालते, पण भरते. आता मी विचारते, तुमचे चिरंजीव भरतात का? त्यांनी नवीन बूट घेतलेले मी पाहिले. जाऊ दे. मी त्यात पडत नाही असं मागेच लिहिलंय.

तुमचा मुलगा दर रविवारी टिटवीला न्यायला येतो. आधी दोघं दारात उभे राहायचे ते दोन वकिलांसारखे. "सहाला आण." "साडेसहा म्हणालो होतो." मध्ये पोर, दप्तर लटकल्यासारखी. हल्ली वारं बदललंय. मागच्या रविवारी तो म्हणाला, "फार ओढाताण करून घेऊ नकोस गं." ही म्हणाली, "तूही नको करू. कळतंय मला सगळं." मी आत कांदा चिरत होते. काय कळतंय ते मला काही कळेना.

ते कळलं संध्याकाळी. लेक फोनमध्ये बघत म्हणाली, "आई, कर्जाची बाकी मी धरली होती त्यापेक्षा बरीच कमी दिसते. मी तर माझा अर्धाच भरते. म्हणजे तोच जास्तीचे भरतोय. एका शब्दाने बोलला नाही बघ."

मी गप्प. मी गप्प बसले असं माझ्या हयातीत फार वेळा झालेलं नाही, तुम्ही साक्षीला आहात.

मग ती म्हणाली, "माणूस बदलतो का गं?"

बाकी कमी का झाली ते मला कसं माहीत असणार? मी काय ऑफिसात बसते का?

पण तेव्हापासून ती भांडी घासताना गुणगुणते. सोफा पसंत केला त्या आठवड्यातही अशीच गुणगुणत होती. म्हणून एक विचारते, खरं सांगा. ती दोघं पुन्हा एका घरात गेली तर तुम्हाला आवडेल? तुमचा मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी लेकही वाईट नाही. गूळ चांगला, मीठही चांगलं. पण त्या घरात टिटवी कान झाकून जेवायची, ते मी पाहिलंय. इथे ती तोंड उघडं ठेवून जेवते, वाईट सवय आहे, पण मी टोकत नाही.

दातांचा डॉक्टर अजून सुट्टीवरच आहे. परदेशी गेला म्हणतात.

कळावे. उत्तर पाठवा, चिडून पाठवलंत तरी चालेल.

तुमची विहीण


१९ जानेवारी

विहीणबाई,

मायना आज राहू दे. टिटवी शाळेत गेलीय, आता हवे ते शब्द लिहायला मी मोकळी आहे. तुम्ही एक नंबरच्या लबाड बाई आहात. दुसऱ्या नंबरला कोण ते पुढे येईलच.

मंगळवारी मी कर्जाच्या ऑफिसात गेले. का गेले म्हणाल, तर दर महिन्यालाच जाते. घ्या, लिहून टाकलं. वेगळे झाले तेव्हाच त्या ऑफिसातल्या माणसाने मला सांगितलं होतं, सह्या दोघांच्या आहेत, एकाने पैसे थकवले की दुसऱ्याच्या पगारावर येणार आणि वर तारण ठेवलेलं घर जाणार. नवीन बूट घालणाऱ्या माणसावर मी काय विश्वास ठेवायचा? म्हणून शेजारीण बाळाचे जे देते ते, आणि त्यात दातांच्या पैशातले थोडे घालून, मी त्या खिडकीवर नेऊन भरत होते. लेकीला पत्ता लागू दिला नाही. डॉक्टर बिचारा एक दिवसही सुट्टीवर नव्हता. त्याच्या दवाखान्यावरून जाताना मीच तोंड दुसरीकडे करायची.

तर मंगळवारी मी पैसे सरकवले, आणि खिडकीतल्या पोरीने ते परत सरकवले.

"आजी, आता नका येऊ."

"का गं? माझ्या नोटांना वास येतो?"

"कर्ज फिटलं तुमचं. उलट मागच्या वेळी भरलेत त्यातले तुम्हालाच परत द्यायचेत."

"काहीतरीच! अजून दीड वर्षाचे हप्ते आहेत. नीट बघ. दिसत नसेल तर माझ्या लेकीच्या दुकानात ये, चष्मा स्वस्तात देते."

ती हसायला लागली. "आजी, चौघंजण भरत होतात ना! तुमची मुलगी आणि जावई, दोघांचे हप्ते वेळेवर, वर तुम्ही, आणि तिकडच्या शाखेत एक आजी. आत्ताच त्या शाखेत फोन लावला होता. कॅशियर म्हणाला, त्यांना फिटलं म्हणून ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही, पैसे ठेवून निघून जातात."

मी तिथल्या बाकावर बसले. पाणी मागितलं. रांगेतल्या एकाने विचारलं, "आजी, काही वाईट बातमी आहे का?" मला हसू आवरेना आणि दात नसताना हसलं की लोकांना वाटतं म्हातारी रडतेय. त्याने पाठीवरून हात फिरवला.

म्हणजे बघा. तुम्हाला वाटलं माझी लेक बुडवणार, म्हणून तुम्ही घरात पिपाणीवाला ठेवलात. मला वाटलं तुमचा मुलगा बुडवणार, म्हणून मी या वयात लंगोट धुतले. आणि ज्यांच्यावर आपल्या दोघींचा काडीचा विश्वास नव्हता, त्या दोघांनी एकही हप्ता चुकवला नाही. एका कर्जाला चार खांदेकरी! मेलं बिचारं वेळेआधी. आपण खोट्या पडलो, विहीणबाई. खोटं पडून इतकं हलकं वाटतं हे मला ठाऊक असतं तर आधीच चार-दोनदा पडले असते.

तुम्हाला हावरी म्हणाले होते, तो शब्द मागे घेते. लबाड राहू दे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लेकीला सांगायचं की नाही? घरी येईपर्यंत तोच घोर. न सांगावं तर तिला वाटत राहणार, नवरा मुकाट्याने दुप्पट भरतोय, म्हणजे देवमाणूस. अशा समजुतीवर बाई उठून परत जाते. सोफाही असाच घेतला होता, दुकानात छान दिसला म्हणून. सांगावं तर तिचं गुणगुणणं बंद. ते मला ऐकायला आवडत होतं, आता काय लपवायचं.

ती कामावरून आली. मी म्हटलं, "बस. आधी चहा पी. कर्ज फिटलं." आणि सगळं सांगितलं. तुमचं, माझं, बाळाचं, पिपाणीचं.

तिने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "म्हणजे त्याने किती भरले?"

"त्याचा अर्धा. ना कमी, ना जास्त."

"एकदाही चुकवला नाही?"

"एकदाही नाही."

"आणि तुझे दात?"

"तुझ्या सोफ्याने खाल्ले."

तेव्हा हसली. अशी हसली की चहा सांडला. मग डोळे पुसले, कशाने भरले ते मी विचारलं नाही. पण जे विचारायचं ते विचारलं. "तू परत जायचं मनात आणलं होतंस का?"

"क्षणभर आणलं होतं, आई. खोटं कशाला बोलू. पण मी नवरा नव्हते गं शोधत. टिटवीच्या बापाच्या शब्दावर विसंबता येईल का, तेवढंच बघत होते." कप धुऊन उपडा ठेवला आणि म्हणाली, "येईल."

रविवारी तुमचा मुलगा आला तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. त्याला वाटत होतं हीच चपला शिवून शिवून जास्तीचे भरते आहे. ती दोघं जिन्यात बसून हसत होती, शिंप्याचं मांजर बाहेर येऊन बघायला लागलं. संसार चालू होता तेव्हा एकदा तरी अशी हसली असती तर... नाही हसली. आपण त्याला काय करणार? (आणि बूट. टिटवीने विचारलंन् बापाला. तो कामाला आहे त्या फरशीच्या दुकानाने दिलेत, उचलताना फरशी पायावर पडली तर लागू नये म्हणून. तीही चूक गेली माझ्या खात्यावर.) मग तो टिटवीला घेऊन खाली उतरला, ही वर आली आणि आपल्या घराचं दार आपल्या हाताने लावून घेतलं. कडीचा आवाज ऐकला आणि मी निवांत पाठ टेकली. दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा.

आज सकाळी भांडी घासताना गुणगुणत होती. तेच गाणं.

तुमच्या घराची कागदपत्रं सुटतील. ऑफिसकडून बोलावणं येईल, जाऊन घेऊन या. तिकडच्या शाखेतही तुमचे जास्तीचे गेले असतील, मागून घ्या, सोडू नका. दातांचं माप मी कालच देऊन आले. खरंच दिलं, हवं तर टिटवीला विचारा.

आता एक राहिलं. पोरगी शाळेतून यायच्या आत लिहिते, नाहीतर ती वाचेल. त्या दोघांची फारकत झाली तेव्हाच कागदावरचं तुमचं-माझं नातं संपलं. उरलं होतं ते हे कर्ज. मला वाटायचं, हप्ते आहेत तोवर ही बाई निदान भांडायला तरी मला लिहील. खिडकीतल्या पोरीने फिटलं म्हटलं तेव्हा आधी बरं वाटलं, आणि बाकावर बसल्या बसल्या दुसरा विचार आला तो हा, की आता ती कशाला लिहिते? पाणी त्यासाठी मागितलं होतं.

ऑफिसातून परत मिळाले ते मी मूर्खपणाच्या डब्यात टाकले. लेक म्हणाली, "एवढा मूर्खपणा कोण करणार?" म्हटलं, मी. शनिवारच्या बसचं तिकीट काढलंय. पिपाणीवाल्याला काढू नका, त्याचा काही दोष नाही, मी तुमच्याच खोलीत झोपेन. माझं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही आणि तुमचं जेवण मला चावता येणार नाही, पण निभेल. काहीतरी मऊ शिजवून ठेवा.

कळावे.

आता कुठल्याही कागदावर नसलेली, तरीही

तुमची विहीण