सरू पुन्हा लावणार नाही

उज्जैन
२८ फेब्रुवारी १९५७

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र मिळालं. भोपाळ राजधानी झाली, तुझी तिकडे बदली झाली आणि भाषाही साहेबी झाली. खुशाली एका ओळीत, हुकूम दोन पानं: जळालेल्या सरूंच्या जागी पुन्हा सरू लाव, आणि माणिकला आवारात पाऊल टाकू देऊ नकोस. दोन्ही होणार नाही. घर बाबांनी माझ्या नावावर केलंय. बाग कशी असावी ते मी ठरवणार.

ठरवलीही आहे, आणि तीही माणिकलाच विचारून. तुझे सरू दिसायला देखणे, पण पेटले तेव्हा कापरासारखे गेले. आता भिंतीपासून दहा हात नुसता मुरूम. त्यापुढे कोरफड आणि अडुळसा. नानाखेड्याकडच्या माळाच्या बाजूला करंज आणि जांभूळ, कारण फाल्गुनात तिकडचं गवत कसं वाळतं ते तुला ठाऊक आहे. झाडांच्या खालच्या फांद्या माणिक उरू देत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाईसाहब, आग को सीढ़ी मत दो." सरकारी बागेत वीस वर्षं काढलेल्या या माळ्याला तू आगलाव्या ठरवलंस.

गेल्या होळीला सगळी वस्ती चौकात जमली होती. तुला मात्र आपली होळी आपल्याच दारात हवी. वारा सुटलाय, असं माणिकने दोनदा सांगितलं. तू त्याला त्याची पायरी दाखवलीस, नैवेद्य टाकलास, बोंब मारलीस आणि आत जेवायला बसलास. सरू पेटले, त्यांच्यामागची त्याची झोपडी जळाली, त्याच्या बायकोचे दोन्ही हात भाजले. आणि तू त्याच्या साहेबाला लिहून दिलंस, की माळ्याच्या विडीने आग लागली. माणिक विडी ओढत नाही, श्रीकांत. वर्ष होत आलं, त्याला निलंबित करून घरी बसवलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला तुझी लाज वाटते.

सोमवारी त्याची चौकशी आहे. तू भोपाळहून तेच पुन्हा लिहून पाठवलंयस, हेही कळलं. मी साक्षीला जाणार आहे. त्या संध्याकाळी मी ओसरीवर पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उभी होते. तुझ्या होळीतली पेटती काटकी उडून सरूवर पडताना मी पाहिली, आणि तुझी बढती अडेल म्हणून वर्षभर गप्प बसले. सोमवारी आधी माझं सांगेन, मग तुझं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

तुझीच, पण आता तुझ्या बाजूची नसलेली,
वासंतीताई