मवाळरावांचा बंदोबस्त

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेसहा.
आजपासून नियमित लिहिणार. नोकरी सोडून अर्धा एकर घेतला, त्याला तीन महिने झाले. बायको फिजिओथेरपिस्ट, आठला बाहेर पडते. बाकी सगळे माझ्या अंडर: थोरली (सात वर्षं), धाकटा (साडेतीन), दोन शेळ्या, बारा कोंबड्या, एक कोंबडा.
आजचा संकल्प: या आवारात कुणीही कुणावर हात, पाय, शिंग किंवा चोच उगारायची नाही. पुठ्ठ्यावर रंगवून खुराड्याच्या दाराला टांगलं. थोरलीने मोठ्याने वाचलं आणि कोंबड्यांना वाचता येतं का असं विचारलं. तिला सांगितलं, वातावरण महत्त्वाचं असतं.
कोंबड्याचं नाव मवाळराव ठेवलं. नावाचा स्वभावावर परिणाम होतो.

सव्वासात.
पोटरीत दोन भोकं. कोंबड्याच्या पायामागे इंचभर काटा असतो हे माहीत नव्हतं. हा हल्ला नव्हे. तो माझी ओळख करून घेत होता.

२ फेब्रुवारी.
इंटरनेटवर वाचलं: पळायचं नाही, शांत उभं राहून नजरेला नजर द्यायची. दिली. चष्म्याची डावी काडी गेली. भुवईवर ओरखडा.
पण पळालो नाही. नंतर चालत आलो, जरा भरभर.

४ फेब्रुवारी.
शेळीने बायकोला मागून ढुशी दिली. बायको पाण्याच्या टबात, कामावर जायच्या कपड्यांसकट. बाहेर येऊन तिने शेळीला लाथ घातली. तिला पुठ्ठ्याची आठवण करून दिली. तिने पुठ्ठ्याचं काय करावं ते सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार.
वाईट दिवस. धाकट्याने थोरलीच्या दंडाचा चावा घेतला. तिने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. कारण: एक फुगा. दोघांना ओसरीवर बसवून हिंसेबद्दल बोललो. चांगलं बोललो. उदाहरणं दिली. वीस मिनिटं.
तेवढ्यात खुराड्यात सात-आठ जणींनी मिळून पांढऱ्या कोंबडीला टोचून मारलं. गेलो तेव्हा मानेवर कातडी नव्हती. एक पाय हलत होता, मग थांबला. बाकीच्या दाणे टिपत होत्या, चोची लाल.
थोरलीने विचारलं, "आवाज येत होता ना बाबा? तू उठला का नाहीस?"
वाक्य मध्येच सोडलं तर मुलांना मुद्दा कळत नाही.

९ फेब्रुवारी.
नवी पद्धत: हेल्मेट, डाव्या हातात पिंपाचं झाकण, उजव्या हातात दाण्याची बादली. अत्यंत परिणामकारक. मवाळराव झाकणावर आदळत राहिले. आत नगारा वाजल्यासारखं होतं, पण रक्त नाही.
शेजारचे सुतारकाका कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "अहो, हा कोंबडा माणसावर गेलाय. वेगळा कोंडा, नाहीतर कापून खा. घरात लहान पोर आहे." खुराड्याच्या दाराला कडी नाही हेही त्यांनी पाहिलं. दहा मिनिटांत बसवून देतो म्हणाले.
आभार मानून नकार दिला. आपलं काम आपण करायचं म्हणूनच तर इथे आलो. शनिवारी कडी बसवणार. तोवर सुतळी.

११ फेब्रुवारी.
सुतळी उत्तम चालते. सुतारकाकांना बोलावून दाखवली. दोन बोटांनी गाठ ओढून पाहिली आणि घरी गेले. पटलं असावं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी सात.
घडलं तसं लिहितो.
साडेचारला दाणे टाकून बाहेर आलो. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात बादली. अशा वेळी सुतळी बांधायला तिसरा हात लागतो. बादली ठेवून बांधणारच होतो.
मवाळराव दार ढकलून माझ्या पायांतून बाहेर. धाकटा पायरीवर बसून केळं खात होता. कोंबडा सरळ त्याच्या तोंडावर गेला. पंख, किंकाळी, पुन्हा पंख. पोरगं उताणं पडलं आणि तो छातीवर उभा राहून मारत होता.
थोरली घरातून धावत आली. तिने कोंबड्याचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला गोल फिरवून भिंतीवर आपटलं. तो तिच्यावर उलटला. हाताला तीन ठिकाणी लागलं, तरी सोडला नाही. तसाच ओढत नेऊन बाथरूममध्ये कोंडला.
मी त्या वेळी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होतो. वरून परिस्थितीचा नीट अंदाज येतो.
धाकट्याच्या डाव्या डोळ्याखाली चार टाके. डॉक्टर म्हणाल्या, नखभर वर लागलं असतं तर डोळा गेला असता.
बायको दवाखान्यात आली. तिने थोरलीला विचारलं, बाबा कुठे होता? थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा येतच होता."
असं मी तिला शिकवलेलं नाही.

१३ फेब्रुवारी.
बायको बोलत नाही. सासूबाई मदतीला आल्या. सकाळीच सुतारकाका न विचारता कडी बसवून गेले.
निर्णय झाला: मवाळरावांना मृत्युदंड. अंमलबजावणी मी स्वतः करणार. मुलं उठायच्या आत, एका घावात, वेदना न होता. तीन व्हिडिओ पाहिले. अवघड काही नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी नऊ.
अंगठा ठणकतोय, म्हणून थोडक्यात.
सहाला हेल्मेट घालून बाथरूममध्ये शिरलो. चादर टाकून पकडला. इथवर व्हिडिओप्रमाणे. अंगणात आणून ओंडक्यावर मान ठेवली. डाव्या हाताने धरली, डोळे मिटले आणि सुरी चालवली.
डोळे मिटायला नको होते. अर्धी मान त्याची, अर्धा अंगठा माझा. मी ओरडलो, तो सुटला. मान एका बाजूला लोंबतेय, रक्ताची पिचकारी, आणि तरी तो माझ्याच अंगावर येतोय! हेल्मेटची काच लाल झाली, काही दिसेना. सुरी हवेत फिरवत राहिलो. शिव्याही दिल्या असाव्यात. बऱ्याच.
तो स्वयंपाकघरात पळाला. मी मागे. फरशीभर रक्त. मुलं दारात उभी. दोन्ही मुलं, पायजम्यांत.
सासूबाई चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, खांद्यावरचा टॉवेल कोंबड्यावर टाकला, त्याला काखेत घेतला आणि मान पिळली. कट्‌ असा आवाज. मग कप उचलला.
म्हणाल्या, "मारायचं तर मारावं. जनावराला असं ताटकळत ठेवू नये."
मी म्हटलं, अवघड भाग मी आधीच उरकला होता. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "आधी ते हेल्मेट काढा. पोरं घाबरलीत."
पोरं कोंबड्याला घाबरली होती, हे उघड आहे.

१५ फेब्रुवारी.
मला तीन टाके. पुठ्ठा काढून ठेवला. तात्पुरता.
धाकटा मी खोलीत गेलो की पलंगाखाली जातो. सासूबाईंच्या मते दोन दिवसांत विसरेल. माझ्या मते तो लपंडाव खेळतोय. मी "कुठे आहे बरं, कुठे आहे बरं" म्हणत शोधलं. त्याने पायजमा ओला केला.

१६ फेब्रुवारी.
बायको बोलली. मुलं झोपली नव्हती म्हणून हळू आवाजात. म्हणाली, "तू घाबरलास याचा मला राग नाही रे. मीही घाबरले असते. पण तू रोज सांगतोस की तू घाबरला नव्हतास."
तिचा मुद्दा मी समजून घेतला. एवढंच म्हटलं की शिडीवरून मी हाका मारत होतो.
कुणाला, असं तिने विचारलं.
आठवत नाही.

१९ फेब्रुवारी.
धाकट्याचे टाके काढले. चौघेही गेलो. चिमटा बघून त्याने भोकाड पसरलं. डॉक्टर म्हणाल्या, कुणाचा तरी हात धर हं, घट्ट, पटकन होईल.
आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे होतो. मी लगेच हात पुढे केला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या कोपराखालून वाकून, माझ्या मागे उभ्या असलेल्या थोरलीचा हात ओढून घेतला.
अंगठ्याच्या बँडेजमुळे असेल. पोरं बँडेजला बिचकतात.
बँडेज डाव्या हाताला आहे. मी उजवा पुढे केला होता.