बाबा अजून जिवंत आहेत

प्रिय सोइची,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपली रीत, म्हणून लिहिते: उवाजिमात संत्र्यांना रंग चढलाय, सकाळी गारवा असतो. झालं? आता ऐक. बाबा जिवंत आहेत. त्यांच्या सख्ख्या मुलाला हे पत्राने कळवायची वेळ आली, कारण गेला महिनाभर मी अख्ख्या गावाला हेच सांगत सुटलेय आणि माझ्या तोंडाला फेस आलाय. त्यांच्या हृदयाची झडप निकामी होत चाललीय. मात्सुयामाच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळालीय. आणि ते जायला तयार नाहीत. त्याला कारण तू आणि तुझा तो बक्षीसवाला सिनेमा.

टीव्हीवर बक्षीस हातात घेऊन तू काय म्हणालास? “या चित्रपटामुळे मला वडिलांना निरोप देता आला.” वा! डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंस. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, तर दारात कियोसेकाकू, सुतकाच्या काळ्या किमोनोत, हातात उदबत्त्यांचा पुडा. मला बघून त्यांनी तोंडाला रुमाल लावला. तेवढ्यात आतून, कढईपाशी उभे असलेले बाबा ओरडले, “काय कियोसेबाई, नेहमीच्याच माशाच्या वड्या ना?” काकूंनी जी किंकाळी फोडली, ती बंदरापर्यंत गेली असेल. मग फुलं आली, फळांच्या टोपल्या आल्या. कहर म्हणजे देवळातल्या गुरुजींचा फोन. ते रुसलेले! “इतक्या पिढ्यांचा आपला संबंध, आणि अंत्यविधी परक्या देवळात उरकलात?” मी म्हटलं, अहो, ते सिनेमातलं देऊळ होतं. तर म्हणतात, “तरी विचारायचं तरी होतं.” काय बोलणार, कप्पाळ!

आणि तो फोटो? “ताई, बाबांचा एखादा फोटो पाठव ना, बघावासा वाटतो.” मी वेडी, डोळे पुसत पाठवला. मला काय माहीत, तू त्याला काळी फीत लावून वेदीवर चढवणार आहेस? अख्ख्या सिनेमात बाप म्हणजे चेहऱ्यावर पांढरं फडकं आणि तो फोटो. एवढी माणसं, एवढे दिवे, एवढा लवाजमा, आणि फोटोपुरता एक म्हातारा मिळाला नाही तुम्हाला?

तुझी ती आवाज टिपणारी मुलगी, मोमोए, गुणाची आहे हो. पर्यटक म्हणून आली आणि दिवसभर कढईजवळ बसून राहिली. बाबांना वाटलं, पोर उपाशी आहे. गरम गरम माशाच्या वड्या तळून तिच्यापुढे ठेवत राहिले, पैसे घेतले नाहीत. परवा तिचा माफी मागायला फोन आला, तेव्हा कळलं की ती कढईतल्या तेलाचा आवाज भरून नेत होती, आणि तू वळणापलीकडे गाडीत बसून होतास. दिवसभर! अरे, उतरला असतास तर काय पाय झिजले असते? वड्यांचा वास तिथपर्यंत येतो, मला माहीत आहे.

हो, आईच्या वर्षश्राद्धाला तुमचं वाजलं ते मी विसरलेले नाही. तू दुकान चालवणार नाही म्हणालास. बाबा म्हणाले, सिनेमा म्हणजे भिकेचे डोहाळे, आणि मी मेल्याशिवाय या दारात पाऊल टाकू नकोस. जन्मात कधी त्यांचं ऐकलं नाहीस, आणि नेमकं हेच ऐकलंस! सिनेमात त्यांना मारलंस, आणि मग घरी आलास, तेही सिनेमातच.

नगरपालिकेच्या सभागृहात सिनेमा लागला, तेव्हा मला वाटलं, बाबा पडदा फाडतील. कसलं काय! पहिल्या रांगेत बसले. शेवटी तो मुलगा प्रेताशेजारी बसून वडी तळतो, बापापुढे ठेवतो आणि हमसून हमसून रडतो ना, तिथे सगळं सभागृह नाक ओढत होतं. बाबा मात्र हसत होते. “तेल तापलं नव्हतं गं,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, चांगला सदरा घालून गेले. हल्ली गिऱ्हाइकांना सांगतात, “माझं अंत्यदर्शन बघितलंत की नाही?” डॉक्टरांनी तारीख सांगितली, तेव्हा मला म्हणाले, “चिझुरू, आता कशाला ती कापाकापी? सगळं झालंय की. सोइची आला, रडला, माफ केलं त्याने मला. इतकं छान तर खरंखुरंही होणार नाही.”

मी रडले, ओरडले, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग नाही. माणूस इतका शांत झालाय की मला भीती वाटते. सोइची, बाबांना खरं वाटलंय ते. मला नाही वाटलं. मी तुला लहानपणापासून ओळखते. तू त्यांना माफबिफ काही केलेलं नाहीस. ते काम एका नटाकडून करून घेतलंस, बक्षीस मिळालं आणि मोकळा झालास. बाबाही मोकळे झाले. मधल्या मध्ये मी अडकलेय, आणि मला माझा बाप हवाय.

म्हणून हे लिहितेय. बक्षीस दाखवायला येऊ नकोस, पाया पडायला येऊ नकोस, आणि कृपा करून रडायला तर मुळीच येऊ नकोस. भांडायला ये. पोटात जे जे आहे ते सगळं ओरडून सांग त्यांना. सिनेमातलं सगळं खोटं होतं म्हणून सांग, अजून राग आहे म्हणून सांग, हवं तर दोन भांडी आपट. आणि त्यांनी उत्तराला तोंड उघडलं, की दार आपटून सरळ निघून जा. उत्तर द्यायचं राहिलं असताना बाबा मरायचे नाहीत. ऑपरेशनला मुकाट्याने तयार होतील.

तुझीच, आणि तुझ्यावर भयंकर चिडलेली,
चिझुरूताई